जपानी गाडीचे एकतीस किलोमीटर

१

तिसऱ्या नंबरचा पिस्टन बाळाजी मिस्त्रीने जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला होता. वरच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला. बाकीचे तीन पिस्टन शेजारी रांगेत, धडधाकट.

"साहेब, हे मी केलेलं नाही," बाळाजी म्हणाला.

अडतीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आलोय. मी मढवी. विम्याचा सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि कोण खोटं बोलतंय ते लिहायचं, एवढंच काम. रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो बाबा. कसलं काय! गुडघे गेले, साखर वाढली, पण लोकांनी बोलवायचं काही सोडलं नाही. आज अंबरनाथ पूर्वेहून रिक्षाने उल्हासनगरला बाळाजीच्या गॅरेजमध्ये येईपर्यंतच माझा जीव मेटाकुटीला आला होता.

गाडी मागे उभी होती. निळी, चार दारांची, जपानहून आलेली. लांबून बघितलं तर कुठल्याही घरची फॅमिली कार वाटेल, फक्त बॉनेटवर हवा ओढायला एक मोठी नाकपुडी. वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाने ती भारतात आणली. तीन हातांतून फिरत ती शिरगावच्या आकाश केणेकडे आली आणि त्याने ती बाळाजीच्या ताब्यात दिली. अकरा महिने बाळाजी तिच्यामागे लागला होता. सुकलेले रबरी पाइप बदलले, टायमिंग बेल्ट बदलला, मोठा टर्बो बसवला, ब्रेक मोठे केले, पिस्टन जपानहून मागवले. जपानी मॅन्युअलची पानं मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली धरून एकेक ओळ वाचायचा. शुक्रवारी गाडी घरपोच दिली. सोमवारी सकाळी आकाशने ती वांगणीच्या रस्त्याला काढली, पाय दाबला आणि इंजिन गेलं.

"आकाशशेठ म्हणतात, मी डुप्लिकेट पिस्टन टाकले," बाळाजी म्हणाला. "तुटक्या पिस्टनचा फोटो ग्रुपवर टाकलाय. नाव नाही लिहिलं, पण कळतंय सगळ्यांना. रविवारपर्यंत मी तसं कबूल करून लिहून दिलं नाही, तर नावासकट व्हिडिओ टाकणार."

त्या ग्रुपवर ठाण्यापासून पुण्यापर्यंतचे चारशे गाडीवेडे आहेत. बाळाजीचं सगळं काम तिथूनच येतं. माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस येऊन आपली अर्धवट खोललेली गाडी टोइंगवर चढवून घेऊन गेला. बाळाजीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"चाळीस वर्षं झाली साहेब. माझ्याकडे दुसरं काय आहे? नाव आहे. तेच गेलं तर शटर खाली ओढायचं आणि गप घरी बसायचं."

आकाशच्या वडिलांच्या ट्रकचा सर्व्हे मी एकदा केला होता, म्हणून तो पोरगा मला काका म्हणतो. 'मढवीकाका सांगतील ते मान्य,' असं तो बोलून बसला होता. म्हणून मी इथे.

"पिस्टन कशाने गेला?" मी विचारलं.

"ठोक्याने. पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं होतं." त्याने तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. "पण साहेब, शुक्रवारी इंजिन एकदम मस्त होतं. शनिवार-रविवार गाडी त्यांच्या घरी, शटरच्या आत, बंद. तुम्हीच सांगा, बंद गाडीचं इंजिन बिघडतं कसं?"

२

पिस्टन आणून दिले होते हरेशने. उल्हासनगरात त्याचं स्पेअरपार्टचं दुकान आहे. दहा बाय बाराच्या गाळ्यात जगातल्या कुठल्याही गाडीचा कुठलाही पार्ट मिळेल. खरा मिळेल, नाहीतर खऱ्याचा भाऊ मिळेल. आकाशचा दुसरा संशय याच्यावरच होता.

"साईं, बैठो," हरेशने स्टूल पुढे सरकवलं. "मला माहिती आहे तू कशाला आलास. बोलतात उल्हासनगरका माल. अरे, डुप्लिकेट मी पण विकतो! पण बोलके विकतो. गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलतो, हा ओरिजिनल, हा आपलावाला. छुपाके विकलं तर दुकान राहील काय?"

"सगळेच असं म्हणतात, हरेश."

"तो वजन कर ना!" तो भडकला. "जपानवाला चार पिस्टनचा सेट वजन करून देतो. चारोंका वजन एक. आपल्या इथे कोण एवढा टाइम घालवतो? आपलावाला असेल तर तीन-चार ग्रॅमचा फरक निघणारच."

बोलण्यात दम होता. शेजारीच सोनाराचं दुकान होतं. बाळाजीने तेलाच्या चेंबरमध्ये सापडलेला उडालेला तुकडा कागदाच्या पुडीत जपून ठेवला होता, तो आणि चारही पिस्टन बाळाजीकडून मागवून आम्ही सोनाराच्या काट्यावर ठेवले. सोनाराने कपाळाला आठ्या घालत आकडे वाचले. पहिला, दुसरा आणि चौथा अगदी बरोबरीत. तिसरा, तुटक्या तुकड्यासकट, अर्ध्या ग्रॅमने कमी. तो अर्धा ग्रॅम भुगा होऊन सायलेन्सरमधून गेला असणार.

पिस्टन अस्सल होते. हरेश माझ्याकडे असा बघत होता की मी त्याची माफी मागावी. मागितली. त्याने लगेच चहा मागवला, तो मी बिनसाखरेचा प्यायलो.

पण त्याने बाळाजी सुटत नव्हता. अस्सल पिस्टन आपणहून तुटत नाही. मग ठोका आला कुठून? इंजिनमध्ये पेट्रोल कधी आणि किती पेटवायचं हे बाळाजी ठरवत नव्हता. ते ठरवणारा माणूस वेगळा होता, आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

३

दिपेश मला बदलापुरात त्याच्या खोलीवर सापडला. एकोणतीस वर्षांचा, डोळे लाल, मांडीवर लॅपटॉप. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्याला नवीन अक्कल शिकवायची, हा याचा धंदा.

"फोन बंद ठेवला सर. आकाशदादा काय काय बोलतात... डोक्याला ताप झालाय नुसता."

"तुझं सेटिंग चुकलं का?"

त्याने रागावून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रंगीत रेघा होत्या. मला त्यातलं काही कळत नाही आणि आता शिकायची ताकदही नाही. "अडीचशे किलोमीटर टेस्ट केली सर. एक ठोका नाही. बघा, एक तरी दिसतो का?"

"मला नको दाखवू, सांग. अशा इंजिनला ठोका कशाने येईल?"

"एकच गोष्ट. पेट्रोल. दादांना जास्तीत जास्त ताकद पाहिजे होती, म्हणून सेटिंग रेसच्या पेट्रोलवर केलं. ते मी कॅनमधून आणतो. पंपावरचं साधं टाकलं आणि हळू चालवली, तर काही होणार नाही. पण साध्या पेट्रोलवर पाय पूर्ण दाबला, तर खलास."

"हे आकाशला माहीत आहे?"

"तीनदा सांगितलं फोनवर. त्यांना पाठ आहे ते."

"मग टाकी कोणी भरली?"

"मीच. वीस लिटर. शुक्रवारी गाडी पोचवली तेव्हा दादा नाशिकला मित्राच्या हळदीला गेलेले. गाडी शटरच्या आत लावली, चावी घरात दिली, निघालो." मग त्याला काहीतरी आठवलं. "थांबा. फोटो आहे. गाडी सोडताना मी मीटरचा फोटो काढतोच. नंतर लोक वाट्टेल ते बोलतात."

फोटो स्वच्छ होता. किलोमीटरचा आकडा एक लाख बारा हजार सहाशे चाळीस. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली.

मी परत उल्हासनगर गाठलं. त्या प्रवासाबद्दल न बोललेलं बरं. बाळाजीने गाडीची चावी फिरवली, मीटर उजळला. सहाशे एकोणनव्वद. म्हणजे शुक्रवारपासून एकोणपन्नास किलोमीटर. आकाशने सोमवारी जेमतेम अठरा चालवली होती, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"एकतीस उरतात," बाळाजी म्हणाला.

पेट्रोलचा काटा मात्र जवळजवळ फुल दाखवत होता. मी त्याला टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढायला लावलं. रेसचं पेट्रोल पाण्यासारखं असतं, त्याने मला कॅनमधलं दाखवलं. ग्लासातलं फिकट नारिंगी होतं. पंपावरचं.

बंद शटरमागची गाडी कोणीतरी एकतीस किलोमीटर फिरवली होती. मी गाड्या पळवणारे पाहिलेत, पेट्रोल काढून विकणारे पाहिलेत. चोरून गाडी नेऊन टाकी भरून परत ठेवणारा माणूस अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता.

४

गुरुवारी दुपारी शिरगावला गेलो. आकाशचं घर दोन मजली, खाली गाडीसाठी शटर. आकाश अडतीसचा, गळ्यात जाड साखळी, मनाने वाईट नाही. पण त्या गाडीचा विषय निघाला की वेगळाच माणूस व्हायचा.

मी मीटरचं सांगितलं. चूक केली. आधी सगळं नीट कळू द्यायला हवं होतं.

"एकतीस किलोमीटर!" तो ताडकन उठला. "म्हणजे त्यांनीच काढली ना गाडी! काका, चावी असून ती सुरू होत नाही. डॅशबोर्डखाली चोरबटण आहे. ते तीनच माणसांना माहीत. मी, बाळाजी आणि दिपेश. मी नाशिकला. दिपेश इथून दहा मिनिटांवर राहतो. दुसरी चावी करून घेतली असणार साल्याने!"

"मग टाकी भरून कोण ठेवेल?"

"पुरावा लपवायला!"

"सोमवारी काटा फुल दिसला नाही तुला?"

"दिसला. वाटलं, दिपेशने फुल करून दिली. आनंदच झाला."

"शनिवारी-रविवारी घरी कोण होतं?"

"कोणी नाही. आई आणि स्वप्नाली, बस."

स्वप्नाली, त्याची बायको, तेवढ्यात चहा घेऊन आली. माझा बिनसाखरेचा तिने मागच्या भेटीपासून लक्षात ठेवला होता. दाराशी आकाशची आई, कौसाबाई, वाल सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, हाताची नखं वालाने काळी झालेली.

"भाऊ, जेवून जा," त्या म्हणाल्या. मी डबा आणलाय म्हटल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं. बायकोने दिलेली पोळी-भाजी मी तिथेच खाल्ली. आतून आकाशचा आवाज येत होता, फोनवर कोणाला तरी एकतीस किलोमीटरचं सांगत होता.

बाहेर येऊन त्याने मला सांगून टाकलं. "काका, रविवारची वाट कशाला बघू? उद्या संध्याकाळी व्हिडिओ टाकतो. दोघांचं नाव घेऊन. आणि पोलिसातही जातो. डुप्लिकेट सोडा, ही तर चोरी झाली!"

बाळाजीला वाचवायला गेलो होतो. त्याला मी आणखी खोल खड्ड्यात घातलं. घरी जाताना बाळाजीला फोन करायचं धाडस मला झालं नाही.

५

डबा मी त्या ओट्यावरच विसरलो होतो. शुक्रवारी सकाळी ओळखीच्या राजू रिक्षावाल्याने तो आणून दिला. शिरगावहून पाठवला म्हणाला.

माझी बायको वेणू हिने डबा घासायला घेताना झाकण उघडलं. "अहो, बघा तरी." तांदळाच्या दोन भाकऱ्या, वर सुकटीची चटणी, कडेला कांदा.

"कशाला त्रास घेतला म्हाताऱ्या बाईने," मी म्हटलं.

"त्रास कसला? रिकामा डबा कोण परत पाठवतं? आपल्यात तरी कोणी पाठवत नाही. काही नसलं घरात, तर चिमूटभर साखर घालतात. तुम्हाला साखर चालत नाही म्हणून भाकरी दिली असेल."

मी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो हातातच राहिला.

दुसऱ्याची वस्तू घेतली, तर रिकामी परत ठेवायची नाही. माझ्या आईने हेच शिकवलं होतं. पुरावा लपवायला कोणी पेट्रोल भरत नाही. पेट्रोल भरतो तो माणूस, ज्याला रिकामं परत करायची लाज वाटते.

मी जेवण बाजूला सारलं आणि विचार केला. गाडी नेणाऱ्याला चोरबटण माहीत होतं, पण रेसचं पेट्रोल माहीत नव्हतं. बाळाजी आणि दिपेश दोघांनाही पेट्रोल माहीत होतं. त्यांनी साधं टाकलंच नसतं. म्हणजे बटण माहीत असलेलं चौथं माणूस होतं. आणि मी, अडतीस वर्षांचा शहाणा, चार दिवस फक्त पुरुषांना प्रश्न विचारत फिरत होतो! त्या घरात चहा घेतला, पाणी घेतलं, चहा आणणाऱ्या बाईला एक शब्द विचारला नाही. स्वतःचीच लाज वाटली.

दिपेशला फोन लावला. "शुक्रवारी चावी घरात दिली म्हणालास. कोणाच्या हातात?"

"वहिनींच्या."

"चोरबटण दाखवलंस त्यांना?"

"दाखवलं ना. रात्री-बेरात्री शटरमध्ये गाडी पुढेमागे घ्यायला लागली तर? सगळं नीट समजावलं सर. बटण, अलार्म, कव्हर कसं घालायचं, पुसायला कुठलं कापड..."

"आणि पेट्रोल?"

पलीकडून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"दिपेश, पेट्रोलचं सांगितलंस का त्यांना?"

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या कुठे चालवणार होत्या?"

६

दुपारी तीन वाजता मी शिरगावच्या त्या ओट्यावर होतो. आकाश वर होता. स्वप्नाली पाणी घेऊन आली. मी पेला बाजूला ठेवला.

"स्वप्नाली, बस जरा. शनिवारी गाडी कुठे नेली होतीस, बाळा?"

ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने फक्त मोठा श्वास सोडला. बरेच दिवस उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं, तसं तिचं तोंड झालं.

"मुळगावच्या बाजूला. आईंना घेऊन."

"तुला चालवता येते?"

"लग्नाआधी वडिलांचा टेम्पो मीच चालवायचे काका. ह्यांना माहीत आहे. विसरले असतील." तिने आत बघितलं. "चाळिसाच्या वर नाही नेली हो. देवाशपथ. कुठे आपटली नाही, खरचटली नाही. मग ती आमच्यामुळे कशी बिघडेल? तसं वाटलं असतं तर मी त्याच दिवशी बोलले असते. काल ह्यांचा आरडाओरडा ऐकून मात्र तोंड उघडायची भीती वाटली."

"मीच म्हनली तिला," कौसाबाई आतून आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या. "तिला काय बोलू नको भाऊ. मना गाडीन बसाचा व्हता."

मग त्यांनी सांगितलं. मुळगावच्या अंगाला त्यांचं भाताचं शेत होतं, त्यांच्या नावावरचं. दोन वर्षांपूर्वी ते विकलं. कागदावर अंगठा देताना पोरगा म्हणाला होता, आई, ह्या शेतातून अशी गाडी येईल की तू बघत राहशील. "मी बघतच रायली. तीन येला म्हनली, मना बसव. तो म्हने, काम चालू हाय. म्हनून म्हनली, सूनबाय, तो नाय त तू ने. ज्या शेताची गाडी झाली, तो शेत गाडीन बसून बघून येऊ."

"आणि दिसलं शेत?"

"कुठं! बिल्डिंगा उभ्या रायल्यान. यो रस्ता, तो रस्ता, तीन फेरं मारलं. माजा शेत मनाच नाय गावला."

एकतीस किलोमीटरचा उलगडा झाला. जाऊन-येऊन सोळा, बाकीचे शोधण्यात गेले.

"पेट्रोल?"

"मीच सांगितला भरायला. लोकाची वस्तू घेतली, त रिकामी ठेवाची नाय."

"लोकाची?"

हा आवाज आकाशचा होता. तो जिन्यावर उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

मी त्याला सगळं उलगडून सांगितलं, न थांबता, कारण थांबलो असतो तर तो बोलला असता. टाकीत नारिंगी पेट्रोल होतं. शनिवारी गाडी हळू चालली, म्हणून तिला काही झालं नाही. सोमवारी त्याने स्वतः पाय दाबला तेव्हा पिस्टन गेला. पिस्टन अस्सल होता, बाळाजीचं काम चोख होतं, दिपेशचं सेटिंग बरोबर होतं.

आकाश पायरीवर बसला. मग बायकोवर ओरडला, "पेट्रोल कुठलं टाकायचं ते माहीत नव्हतं तर—"

"कोणी सांगितलं मला?" स्वप्नालीने पहिल्यांदाच आवाज चढवला. "कापड कुठलं वापरायचं ते सांगितलं. चपला कुठे काढायच्या ते तुम्ही सांगितलं. पेट्रोलचं तुम्हाला माहीत, दिपेशला माहीत, बाळाजींना माहीत. गाडी माझ्या घरात, चावी माझ्या हातात, आणि मला कोणी सांगितलं नाही. का नाही सांगितलं?"

आकाशने खिशातला फोन काढला आणि तसाच मांडीवर ठेवला.

तो माझ्याकडे वळला. "काका, ही घरातली गोष्ट आहे. व्हिडिओ टाकत नाही, फोटो डिलीट करतो. विषय संपला."

"तुझा संपला. बाळाजीच्या दारातून गाडी उचलून नेलेली मी बघितलीय. फोटो पुसलास म्हणून त्याच्या तोंडाला लागलेलं काळं पुसलं जाणार नाही. ग्रुपवर खरं सांग."

"काय सांगू? चारशे माणसांत सांगू, माझी बायको गाडी घेऊन गेली? माझ्या आईने..." त्याने आईकडे बघितलं. "हसतील काका माझ्यावर."

"हसतील," मी म्हटलं. "आणि नाही सांगितलंस तर बाळाजी संपेल. बघ, काय झेपतंय ते."

तो मान खाली घालून बसला. फोन त्याच्या मांडीवर होता. स्वप्नालीने पदराला हात पुसले, फोन उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "खोला." त्याने खोलला. का खोलला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तिने ग्रुप उघडला आणि बोलायचं बटण दाबून धरलं.

"मी स्वप्नाली आकाश केणे बोलते. निळ्या गाडीचं इंजिन मिस्त्रींमुळे गेलं नाही. शनिवारी गाडी मी चालवली आणि साधं पेट्रोल मी भरलं. मला माहीत नव्हतं. बाळाजींनी लावलेले पिस्टन अस्सल आहेत, मढवीकाकांनी वजन करून घेतलंय. हसायचं असेल तर माझ्यावर हसा. मिस्त्रींचं नाव घेऊ नका."

बोट उचललं. मेसेज गेला. कौसाबाई पोराजवळ सरकल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

निघताना स्वप्नाली फाटकापर्यंत आली. तिथे तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली.

७

संध्याकाळी बाळाजीच्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला होता. त्याने म्हणे चार वेळा ऐकला. गाडी उचलून नेलेल्या माणसाचाही फोन येऊन गेला होता. हरेशने मिठाई पाठवली होती, ती उघडून तशीच पडली होती. मला वाटलं, बाळाजी माझ्या गळ्यात पडेल. तो इंजिनच्या ब्लॉकजवळ बसून फडक्याने बोल्ट पुसत होता. खूप थकलेला दिसत होता. मीही थकलो होतो. शेजारच्या टायरवर बसलो.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दोघी गाडीबद्दल काय म्हणाल्या?"

"म्हणजे?"

"कशी चालली? अकरा महिने मी तिच्यात मान घालून बसलो. आकाशशेठचा फोन आला तो एकदम इंजिन गेल्यावर, शिव्या द्यायला. चालवून बघितलेल्या माणसाने मला अजून सांगितलंच नाही, गाडी कशी झालीय."

"सुनेला क्लच जड लागला."

"लागणारच. मोठा टाकलाय. आणि?"

"आणि म्हातारी परत येताना झोपली. मुळगावपासून शिरगावपर्यंत. पंपावर पेट्रोल भरायला सांगण्यापुरती जागी झाली, पुन्हा झोपली. घरी आल्यावर सुनेने तिला हलवून उठवलं."

बाळाजीच्या हातातलं फडकं थांबलं. "त्या रस्त्याने? ते खड्डे?"

"त्याच रस्त्याने."

"झोपली," तो म्हणाला.

त्याने चष्मा काढला. हात तेलाचे होते, म्हणून त्याने दंडाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि रडला. मी त्याला रडू दिलं. मग त्याने नाक पुसलं, दिवा जवळ ओढला आणि नव्या पिस्टनसाठी हरेशला फोन लावला.